दुसऱ्या गिअरमधली स्पर्धा

रविवारी सकाळी जुन्या गाड्यांचा क्लब जमतो तेव्हा गाड्या बहुतेक वेळ उभ्याच असतात. बॉनेट उघडी असतात, क्रोमवरून फडकी फिरतात, फोटो निघतात, चहा होतो आणि दहाच्या सुमारास सगळे घरी जातात. वर्षानुवर्षे असे भेटणाऱ्या मालकाला आपल्या गाडीचा मूळ रंग, मूळ दिवे, डॅशबोर्डावरचा एकेक स्क्रू पाठ असतो. पण वळणावर ती किती झुकते, ब्रेक दाबल्यावर कुठल्या बाजूला ओढते आणि मागची चाके कुठल्या क्षणी जमीन सोडायला बघतात, हे त्याला सहसा ठाऊक नसते. रस्त्यावर ते शोधायला जाणे धोक्याचे. मोकळ्या फरशीवर, तासाला तीस किलोमीटर वेगाने मात्र ते निर्धास्तपणे शोधता येते. क्लबच्या मैत्रीपूर्ण स्लॅलम स्पर्धेचा खरा उपयोग हा आहे, आणि यंदा तुमच्या क्लबने ती ठरवली असेल तर फियाट झाकून ठेवू नका, घेऊन या.

स्लॅलम हा शब्द बर्फावरच्या स्कीइंगमधून आला. मूळ नॉर्वेजियन शब्दात उतार आणि वाट असे दोन अर्थ जोडलेले आहेत. मोटारीच्या स्लॅलममध्ये उतार नसतो. सपाट जागेवर एका ओळीत नारिंगी शंकू मांडतात, पहिल्याच्या डावीकडून, दुसऱ्याच्या उजवीकडून अशी गाडी न्यायची, टोकाला वळसा घालायचा आणि परत यायचे. मैदानात एका वेळी एकच गाडी. समोर प्रतिस्पर्धी नाही, फक्त घड्याळ. स्वित्झर्लंडमध्ये १९५५ च्या ल मां येथील भीषण अपघातानंतर सर्किटवरच्या शर्यतींवर कायद्याने बंदी आली आणि हौशी चालकांनी स्लॅलम व घाटचढाई हे दोन प्रकार जिवापाड जपले. अमेरिकेत हाच खेळ ऑटोक्रॉस म्हणून चालतो. आपल्याकडे मात्र ऑटोक्रॉस म्हटले की मातीतली, धूळ उडवणारी स्पर्धा डोळ्यांसमोर येते. जुन्या गाडीला ती नको. तिला डांबर किंवा काँक्रीट हवे.

तीस किलोमीटर ऐकून निराश होऊ नका. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. शंकू १५ मीटरवर असतील तर दर १.८ सेकंदाला एक शंकू येतो. तेवढ्या वेळात स्टिअरिंग एका बाजूला न्यायचे, परत आणायचे आणि दुसऱ्या बाजूला न्यायचे. शिवाय गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. तीसचे चाळीस केले की वेग तिसऱ्या हिश्शाने वाढतो, पण हा जोर जवळजवळ पावणेदोनपट होतो. अरुंद टायरांच्या, मऊ स्प्रिंगांच्या गाडीची सगळी कहाणी या दहा किलोमीटरमध्येच आहे.

मी पद्मिनी चालवतो, म्हणून उदाहरणे तिचीच देईन. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी मुळात इटलीची फियाट ११००. १०८९ सीसीचे इंजिन, जेमतेम चाळीस अश्वशक्ती, मागच्या चाकांना ताकद, मागे पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. यातली प्रत्येक गोष्ट स्लॅलमच्या दिवशी काहीतरी मागते.

सुरुवात टायरपासून करा. जुन्या गाड्या कमी चालतात, त्यामुळे त्यांच्या टायरांची नक्षी शाबूत आणि रबर मात्र म्हातारे, असे हमखास दिसते. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. असा टायर दिसायला कितीही चांगला असला तरी त्यावर शंकूंमध्ये शिरू नका. दुसरे म्हणजे क्रॉस-प्लाय आणि रेडियल यांची मिसळ. एका ॲक्सलवर दोन प्रकार कधीच नकोत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय ही जोडी तर सर्वांत वाईट, कारण पुढची चाके पकड धरतात आणि मागची सोडतात. हवा रोजच्यापेक्षा चार-पाच पौंड जास्त भरा, नाहीतर वळणावर टायर कडेवर लोळतो. किती जास्त ते ठरवायला साधा उपाय आहे. टायरच्या कडेवर नक्षीपासून खालपर्यंत खडूने तीन-चार जाड रेघा ओढायच्या आणि एक फेरी मारून बघायचे. खडू नक्षीच्या काठापर्यंतच पुसला गेला असेल तर हवा बरोबर. कडेवर खाली उतरला असेल तर आणखी हवा हवी. नक्षीवरचाही खडू कडेला तसाच राहिला तर थोडी हवा सोडा.

मग ब्रेक. ड्रम ब्रेक नीट जुळवलेले असतील तर या वेगाला पुरेसे आहेत. चारही चाकांचे लायनर सारखे ॲडजस्ट केलेले नसतील तर मात्र गाडी ब्रेकखाली एका बाजूला ओढते, आणि तिच्या उजवीकडे दोन फुटांवर शंकू असताना हे कळणे उशिराचे असते. आदल्या आठवड्यात रिकाम्या जागी वीसच्या वेगाला स्टिअरिंगवरची पकड सैल ठेवून ब्रेक दाबा आणि गाडी सरळ थांबते का बघा. ओढत असेल तर मिस्त्रीकडून व्हील सिलिंडर गळतो आहे का, लायनरला ग्रीस लागले आहे का, हे तपासून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. दोन वर्षांत बदलले नसेल तर बदला.

स्टिअरिंगमध्ये प्ले किती आहे ते गाडी उभी असताना बघा. चाक हलायच्या आधी स्टिअरिंग दोन-तीन बोटांहून जास्त फिरत असेल तर आधी स्टिअरिंग बॉक्स, टाय रॉड एंड आणि किंग पिन यांच्याकडे लक्ष द्या. स्लॅलममध्ये दर दोन सेकंदांनी दिशा बदलते आणि दरवेळी तो प्ले आधी भरून निघावा लागतो. गाडी हातातून निसटल्यासारखी वाटते, दोष चालकाला लागतो. ग्रीस निपलमध्ये ग्रीस भरून घ्या, चाकांचे नट पान्याने आवळा, व्हील कॅप काढून घरीच ठेवा. शंकूंच्या तिसऱ्या वळणावर उडालेली क्रोमची वाटी पुन्हा बाजारात मिळेलच असे नाही.

दांड्यावरच्या गिअरची लिंकेज हा पद्मिनीवाल्यांचा खास विषय. मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी होत्या तोवर या लिंकेजचे बुश बदलणारा मिस्त्री दर नाक्यावर सापडायचा. ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे गेल्या आणि ते हात हळूहळू दुसऱ्या कामांकडे वळले. लिंकेज ढिली असेल तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना गिअर अडकतो. जाणता मिस्त्री अजून भेटतो आहे तोवर हे काम करून घ्या, स्लॅलम असो वा नसो.

इंजिनाच्या बाबतीत तीन गोष्टी. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत हवे, कारण लागोपाठ वळणांत ते चेंबरच्या एका बाजूला सरकते आणि पंपाला क्षणभर काही मिळत नाही. पेट्रोल निदान अर्धी टाकी ठेवा, तेही याच कारणासाठी. आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या नव्या घाला. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर मऊ पडते, फुगते, मग तडकते. गरम इंजिनावर पेट्रोल टपकणे ही आगीची सुरुवात आहे, यात तडजोड करू नका. उन्हात रांगेत उभे असताना पंपातले पेट्रोल वाफ होऊन गाडी बंद पडणे जुन्या फियाटवाल्यांना नवे नाही. पंपावर ओले फडके टाकायचा आपला उपाय आजही तितकाच चांगला आहे. फक्त शंकूंमध्ये शिरण्यापूर्वी ते काढा.

आता गाडीच्या आतले. बाटली, छत्री, गणपतीची सुटी मूर्ती, फडकी, डिकीतली स्टेपनी आणि जॅक, सगळे बाहेर. बॅटरी पट्टीने आवळलेली हवी. पायाखालची मॅट काढा. माझ्या पहिल्या स्लॅलममध्ये चौथ्या शंकूपाशी मॅट सरकून ॲक्सिलरेटरखाली गेली आणि पाय उचलूनही गाडी पुढे जात राहिली. इग्निशन बंद करून थांबलो. दोन शंकू गेले, गाडी वाचली, पण ते तीन सेकंद अजून आठवतात. दुसरी अडचण सलग बाकड्यासारख्या सीटची. रेक्झिनवर माणूस सरकतो, मग तो स्टिअरिंगला लटकून स्वतःला सावरतो, आणि ज्या हातांनी गाडी वळवायची तेच आधार शोधत राहतात. गाडीला सीट बेल्ट नसेल तर पक्क्या जागी नट-बोल्टने बसवून घ्या आणि फेरीआधी कमरेला घट्ट ओढा. सीटवर जाडसर सुती चादर ताणून बांधली तरी फरक पडतो. हेल्मेट हवेच.

जागा निवडणारी मंडळी क्लबातलीच असतात, म्हणून त्यांच्यासाठीही लिहितो. मोठे पार्किंग, कारखान्याचे आवार, कॉलेजचे काँक्रीट मैदान, काहीही चालेल, पण ते खाजगी हवे, बंद करता येणारे हवे आणि मालकाची लेखी परवानगी हवी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. ‘सकाळी रस्ता रिकामाच असतो’ हे कारण तिथे चालत नाही. स्थानिक पोलीस ठाण्याला आधी कळवा. देशातल्या मोटार क्रीडेचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया करते. बक्षीस, प्रवेश फी आणि बाहेरचे स्पर्धक असा थाट असेल तर त्यांच्याशी बोलूनच पुढे जा. विम्याचे कागद प्रत्येकाने स्वतः वाचावेत. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांना संरक्षण नसते. म्हणजे ठोकर लागली तर खर्च तुमचा. हे आधी कळलेले बरे, त्यामुळे पाय आपोआप हलका पडतो. ज्यांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीची २०२१ च्या नियमांखाली ‘व्हीए’ नोंदणी केली आहे, त्यांना ती रस्त्यावर मोजक्या कारणांसाठीच आणता येते. मैदानापर्यंतचा प्रवास त्यात बसतो का, हे आरटीओत विचारून घ्या.

मांडणी करताना मोह आवरावा लागतो. तरुण सभासदांना बारा-बारा मीटरवर शंकू हवे असतात, कारण व्हिडिओत ते छान दिसते. जुन्या गाड्यांसाठी १५ ते १८ मीटर ठेवा. सहा-सात शंकू, एक मोठा वळसा, परतीची ओळ, एवढे पुरे. सगळी फेरी दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण व्हावी, हे मांडणीचे माप समजा. खांब, भिंत, कठडा यांपासून शंकूंची ओळ दहा-बारा मीटर तरी दूर हवी. प्रेक्षक त्याहून बरेच मागे, आणि वळशाच्या बाहेरच्या बाजूला कोणीही नको, कारण गाडी घसरली तर तिकडेच जाते. शेवटच्या रेषेनंतर थांबायला तीस मीटर सरळ जागा सोडा. सकाळी झाडून घ्या. काँक्रीटवरची बारीक खडी छर्‍यांसारखी वागते. प्रत्येक शंकूच्या तळाभोवती खडूने चौकोन आखा. शंकू पडला किंवा चौकोनाच्या पूर्ण बाहेर गेला तर दंड, नुसता हलला तर माफ. यामुळे दिवसभराचे वाद मिटतात. शंकू उचलणारे स्वयंसेवक दोन-दोनच्या जोडीत असावेत, हातात लाल निशाण, जवळ अग्निशामक, आणि चालत्या गाडीकडे पाठ कधीही नाही.

चालवण्याचा धडा पायी सुरू होतो. गाडीत बसण्याआधी तो मार्ग तीन वेळा चालून या. पहिल्यांदा गप्पा मारत चालाल तर काही कळणार नाही, म्हणून दुसऱ्यांदा एकटे जा. चालकाच्या उंचीवर डोळे येतील इतके वाका आणि बघा. उभ्याने स्पष्ट दिसणारी ओळ बसल्यावर एकमेकांत मिसळते, चौथा शंकू तिसऱ्यामागे लपतो. कुठल्या खुणेवर नजर ठेवायची ते तिथेच ठरवा.

गाडी सुरू झाल्यावर सगळ्यात अवघड काम नजरेचे. समोरचा शंकू चुकवायचा असतो म्हणून आपण त्याच्याकडेच बघतो आणि हात नजरेमागे जातात. ज्या शंकूजवळून जात आहात तो मनाने सोडून द्या, त्याच्या पुढच्याकडे बघा. आणि वळायला लवकर सुरुवात करा. नवा चालक शंकू ओलांडल्यावर स्टिअरिंग फिरवतो, त्यामुळे पहिला शंकू ठीक जातो, दुसऱ्याला जरा उशीर होतो, तिसऱ्याला आणखी, आणि पाचव्यापाशी गाडी ओळीपासून इतकी लांब गेलेली असते की ब्रेक मारण्याशिवाय उपाय उरत नाही. शंकू तुमच्या दाराशी येईल तेव्हा स्टिअरिंग पुढच्या बाजूला वळायला लागलेले हवे. म्हणजे गाडी शंकूच्या सर्वांत जवळ असते तेव्हाच तिचे तोंड पुढच्या फटीकडे वळू लागते. हे एकदा जमले की जादू झाल्यासारखे वाटते. वेग वाढत नाही, धावपळ मात्र संपते.

पण फार जवळूनही नको. वळताना मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून जातात. पुढचे मडगार्ड सुटले म्हणून निश्चिंत झालात की मागचे चाक शंकू घेऊन जाते. सुरुवातीला हातभर जागा सोडा आणि प्रत्येक फेरीला वीतभर कमी करा.

हात पावणेतीनच्या जागी, हालचाल गुळगुळीत. झटका दिला की गाडीचे वजन एकदम बाहेरच्या चाकांवर आदळते, गाडी झुकते, आणि झुकलेली गाडी परत उभी राहायच्या आत तुम्ही तिला दुसऱ्या बाजूला फेकता. दोन झुकाव एकमेकांत मिसळले की तोल जातो. ॲक्सिलरेटर एका जागी धरून ठेवा, पायाने पंप मारल्यासारखे करू नका. पद्मिनीत वळणाच्या मध्यावर पाय जास्त दाबलात तर आतले मागचे चाक हलके होऊन जागेवरच फिरू लागते, इंजिन ओरडते आणि गाडी पुढे जात नाही. वेग कमी करायचा तो पहिल्या शंकूच्या आधी आणि वळशाच्या आधी, सरळ असताना. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेक आणि वळण एकत्र मागू नये.

बाकीच्या गाड्यांविषयी थोडक्यात. अँबेसिडर जड असली तरी तिचे रॅक-पिनियन स्टिअरिंग फियाटपेक्षा सरळ बोलते. ती लोळते खूप, पण सांगून लोळते. डिसेंबर १९८३ ची मारुती ८०० आता जुन्या गाड्यांत आली आहे. ७९६ सीसी, पुढच्या चाकांना ताकद आणि वजन नगण्य, त्यामुळे शंकूंमध्ये ती अनेक मोठ्या गाड्यांना मागे टाकते. तिच्यात तोंड बाहेर जाऊ लागले तर पाय जरासा उचलायचा, ती आपोआप आत येते. स्टँडर्ड हेराल्डवाल्यांनी मात्र हे करू नये. हेराल्ड जेमतेम साडेसात मीटरच्या वर्तुळात वळते, म्हणून टोकाच्या वळशाला तिच्यासारखी दुसरी नाही. पण तिच्या मागच्या चाकांची रचना अशी आहे की वळणात अचानक पाय उचलला तर बाहेरचे मागचे चाक आत दुमडते आणि मागची बाजू उचलली जाऊन घसरते. जुन्या फोक्सवॅगन बीटललाही हेच लागू. या दोन्हींत पाय हलका पण टिकून ठेवावा. उंच जीप असेल तर शंकू वीस-पंचवीस मीटरवर ठेवून वेगळी फेरी द्या. तिला या ओळीत उतरवू नका.

निकालाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नुसत्या कमीत कमी वेळावर बक्षीस देऊ नका. तसे केले तर सकाळी नऊला मैत्रीपूर्ण असलेली स्पर्धा अकराला तशी राहत नाही, आणि ज्याने वीस वर्षे जपलेली गाडी आणली आहे तो दुसऱ्या वर्षी येत नाही. सातत्यावर गुण द्या. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या मोजायच्या, दोन वेळांतला फरक ज्याचा सर्वांत कमी तो पुढे, आणि पडलेल्या प्रत्येक शंकूला दोन सेकंद त्या फरकात मिळवायचे. मग १९६० च्या दशकातली डिलाइट आणि नवी रंगवलेली कॉन्टेसा खरोखर एकाच पातळीवर येतात. ज्येष्ठ सभासद हळू पण नेटके चालवून जिंकू शकतात. शेजारच्या सीटवर ‘डावा… उजवा… सोड’ म्हणत बसणाऱ्या सौभाग्यवतींना किंवा चिरंजिवांना त्या ट्रॉफीवर अर्धा हक्क असतो, हेही नियमात लिहून टाका. फक्त सोबतीला बसणारे अठरा वर्षांवरचे हवेत, त्यांनाही बेल्ट आणि हेल्मेट हवे, आणि दोन्ही मोजक्या फेऱ्यांना तेच माणूस शेजारी हवे. साठ किलो कमी झाले तरी चाळीस अश्वशक्तीच्या गाडीचा वेळ बदलतो.

फेरी संपली की इंजिन लगेच बंद करू नका, दोन मिनिटे तसेच चालू द्या. मग खाली उतरून चारही चाकांच्या ड्रमजवळ तळहात न्या, टेकवू नका. डावी-उजवी ऊब सारखी लागली पाहिजे. एक बाजू जास्त तापलेली असेल तर तेच चाक जास्त काम करते आहे किंवा अडकते आहे. चाकांचे नट पुन्हा आवळा. टायरची हवा रस्त्यासाठी होती तेवढी करा, स्टेपनी आणि जॅक डिकीत परत ठेवा. वहीत तारीख, हवा, दोन्ही वेळा आणि कुठल्या शंकूपाशी काय झाले ते चार ओळींत लिहा. आणि सोमवारी मिस्त्रीकडे जाताना ती वही बरोबर न्या. ‘गाडी जरा ओढते’ ऐकून तो मान डोलावतो. ‘उजवीकडून डावीकडे जाताना ओढते आणि पुढचे डावे चाक तापते’ म्हटले की तो पाना हातात घेतो.